जिन्याखालचा खटका

आईचा कॉम्प्युटर बंद पडायच्या आधी एक आवाज करायचा. टक्. एवढाच. मग पडदा काळा आणि आई तशीच खुर्चीत, माउसवर हात ठेवून बसलेली.

मार्च उतरला तसा तो टक् वाढला. साधं डिझाइन असलं तर काही नाही. पण मोठं उघडलं, की पंखा आतल्या आत गुरगुरायला लागायचा, कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूनं हात लावला तर भाकरीचा तवा, आणि टक्.

"उन्हामुळं असंल," आई म्हणायची.

"ऊन बाहेर हाय आई, डब्यात न्हाय," मी म्हणायचे.

आधी सांगते आम्ही कोण. मी शिवरंजनी, यंदा दहावीला जाणार. उमरग्यात हायवेच्या जवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहतो. पप्पा हैदराबाद लाइनवर ट्रक चालवतात. घरी असले की पाहुण्यासारखे असतात, आई त्यांना आधी पाणी देते मग विचारते कधी निघणार. खाली घरमालक गुंडप्पा राहतात, त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. आणि आई, जगदेवी, कॉम्प्युटरवर भरतकाम करते. म्हणजे ब्लाऊजच्या बाह्या, ओढण्या, पदर. समोरच्या खोलीत सुईचं मोठं मशीन आहे, शेजारी कॉम्प्युटर. चित्रातला प्रत्येक टाका कुठं पडायचा ते कॉम्प्युटरवर बसून आखायचं, याला पंचिंग म्हणतात. ते झालं की वायरनं मशीनकडं पाठवायचं. मशीन एका वेळी एकच डिझाइन लक्षात ठेवतं. नवीन पूर्ण गेलं की जुनं विसरतं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, बोलले होते. त्याआधी मी वर्गात हजेरीला सुद्धा हळू "हजर" म्हणायचे. त्या दिवशी माइक हातात आला आणि मला कळलं की माझा आवाज चांगला आहे! तेव्हापासून मी थांबलेच नाही. प्रदर्शनासाठी खराब झालेला बोर्ड दिला होता झुबेरभाईंनी. स्टँडसमोर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळं आईचा डबा टकटक करायला लागला तेव्हा मीच त्यांना घरी घेऊन आले.

झुबेरभाईंनी डबा उघडला, फुंकर मारली, शिंकले.

"ताई, प्रोसेसर थकला. गार ऱ्हायची पेस्ट लावून देतो, पण किती दिवस? बदलावाच लागंल."

"बोर्ड न्हाय ना बदलायचा?" आईनं लगेच विचारलं.

हे का विचारलं ते महत्त्वाचं आहे. आईला मशीन विकणाऱ्या माणसानं पंचिंगचं सॉफ्टवेअर या बोर्डाच्या नंबरला बांधून दिलं होतं. बाकी काहीही बदला, चालतं. बोर्ड बदलला की सॉफ्टवेअर उघडत नाही. आणि आईची सगळी डिझाइनं, मी पहिलीत असल्यापासूनची, फक्त त्यातच उघडतात. तो माणूस कुठं गेला कुणास ठाऊक. त्याची कंपनी बंद झाली.

"बोर्ड ऱ्हाऊ द्या. पण याला बसणारा जुना प्रोसेसर आता सेकंड हँडच मिळतोय. त्याची गॅरंटी म्या न्हाय देणार."

"मग नवा?" मी म्हणाले. "नवीन पिढीचा येतोय की, उन्हाळ्यातच. कंपनीनं सांगितलंय, याच खाचेत बसणार."

झुबेरभाई माझ्याकडं बघून हसले. "बसंल गं मॅडम. पण बसणं येगळं अन् चालणं येगळं. बोर्डाला आधी त्याची वळख करून द्यावी लागती."

ते मला माहीत होतं! बोर्डाच्या आत एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, बायोस. चालू झाल्याबरोबर तोच आधी जागा होतो आणि बघतो, आपल्यावर कोण बसलंय. जुन्या बोर्डाला येणारा प्रोसेसर माहीत नसतो, कारण बोर्ड बनला तेव्हा तो जन्मलाच नव्हता. म्हणून बोर्डाच्या कंपनीनं नवा बायोस काढायचा, आपण तो चिपमध्ये भरायचा. मग बोर्ड म्हणतो, हां, या, बसा.

"अन् त्यांनी काढलाच न्हाय तर?" आईनं विचारलं.

"तर नवा प्रोसेसर खाचेत बसंल, पंखा फिरंल, अन् पडदा काळाच ऱ्हाईल."

तेव्हापासून माझं कामच ते झालं. शाळेतून आले की आईचा मोबाइल घ्यायचा, बोर्डाच्या कंपनीची साइट उघडायची. आमच्याहून नव्या बोर्डांसाठी बायोस आला. आमच्याहून जुन्याला येणारच नाही असं लिहिलं. आमच्याबद्दल काही नाही. हो पण नाही, नाही पण नाही. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आलं का गं?" मी म्हणायचे, "न्हाय अजून." दवाखान्यातून रिपोर्टची वाट बघावी तसं घर झालं होतं.

त्याच दिवसांत फातिमाबी आल्या. पिशवीतून त्यांनी एक ओढणी काढली, दोन्ही हातांवर, झोपलेलं लेकरू धरावं तशी.

"जगदेवी, ही माझ्या अम्मीची. माझ्या लग्नात मी घेतली. आता माझी तहरीम म्हणतीया, मला हीच पायजे. पण बघ की, हात लावला तर हातात येतीया."

किनारीवर वेल होती. पानं, मधी कळ्या, कुठं दोरा गेलेला, कुठं नुसती टाक्यांची भोकं. हाताचं काम. अशी वेल मी कुठल्याच मोबाइलवर पाहिली नव्हती.

"अशीच्या अशी नव्या ओढणीवर काढशील?"

"कधी हाय लग्न?"

"मे संपायच्या आत."

आईनं डब्याकडं बघितलं. मग ओढणीकडं. "काढते," म्हणाली.

आईनं ती वेल एकेक पान करून उचलली. कॉम्प्युटर बंद पडायचा, ती थांबायची, पाणी प्यायची, परत चालू करायची. प्रत्येक पान झालं की सेव्ह. मी शेजारी बसून डब्यावर टेबलफॅन धरायचे. ओढणी घडी घालून, उलगडून, परत घडी घालून घडीच्या रेषेवर फाटत गेली. शेवटची कळी आखून झाली त्या दिवशी आईनं ती उचलली आणि किनार सुटून दोऱ्यांचा गुंता तिच्या मांडीवर पडला.

आता ती वेल जगात एकाच ठिकाणी होती. आईच्या डब्यात.

मशीनकडं पाठवायच्या आधी आईनं वायर नीट आहे का ते बघायला एक छोटं डिझाइन पाठवलं: माझं नाव. माझ्या नव्या दप्तराच्या खिशावर निळ्या दोऱ्यानं काढलं, शिवरंजनी, एवढं मोठं. मी नाचलेच. मग आईनं वेल उघडली, पाठवायचं बटण दाबलं. मशीनचा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय, लुकलुकतोय...

टक्.

मशीनच्या इवल्याशा पडद्यावर नुसते आकडे असतात, चित्र दिसत नाही. वेल सगळी गेली, अर्धी गेली की गेलीच नाही, कळायला मार्ग नव्हता.

"चालवून बघू?" मी विचारलं.

"नको." आईनं मशीनवर चादर टाकली. "नवा येऊ दे. मग परत पाठवू. तवर याला कुणी हात लावायचा न्हाय."

आणि त्याच आठवड्यात, खरं सांगते, मी साइट उघडली आणि तिथं आमच्या बोर्डाचं नाव होतं! नव्या प्रोसेसरसाठी नवा बायोस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही चाचणी आवृत्ती आहे. त्याच्याही खाली लाल अक्षरात: भरताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

मी आईला दोन्ही वाचून दाखवलं. लाल जरा भरभर वाचलं.

प्रोसेसर पप्पांनीच येताना हैदराबादहून आणला. लहानसा डबा, पेढ्याच्या पुड्याएवढा. आईनं तो देवघराच्या फळीवर ठेवला.

झुबेरभाई म्हणाले, "डबा दुकानात आणा ताई. इन्व्हर्टर हाय माझ्याकडं. आधी जुन्यावरच बायोस भरू, मग नवा बसवू."

"डबा घराबाहेर जाणार न्हाय."

मला माहीत होतं आई असंच म्हणणार. मागं एकदा हा डबा एकाकडं दुरुस्तीला गेला होता. परत आला, आणि पुढच्या महिन्यात आईची कोयरी दुसऱ्याच एका दुकानाच्या ब्लाऊजांवर दिसायला लागली. जशीच्या तशी, आईनं चुकून टाकलेल्या एका उलट्या टाक्यासकट. तेव्हापासून डबा उंबऱ्याबाहेर गेलेला नाही.

"मग घरी इन्व्हर्टर घ्या की."

"आमाला कशाला इन्व्हर्टर? आमचे अप्पा हायेत की," आई म्हणाली आणि झुबेरभाईही हसले, कारण ते खरंच होतं. आमच्या जिन्याखाली मीटरशेजारी एक मोठा खटका आहे. खांबावरून तीन फेज येतात. एकावरची लाइट गेली किंवा पंखे मंद झाले, की अप्पा खुर्चीतून उठतात, खटका फिरवून दुसऱ्या फेजवर घेतात आणि वर तोंड करून ओरडतात, "बदललो गा फेज!" व्होल्टेज उतरलं की आईच्या मशीनचा दोरा तुटतो, हे त्यांना मशीनच्या आवाजावरून खालीच कळतं. आई काही म्हणायच्या आत त्यांचा हात खटक्यावर असतो. गल्लीत कुणाकडं अंधार असला तरी आमच्याकडं नसतो.

झुबेरभाई दुपारचे आले. सकाळची भारनियमनाची वेळ टळली होती. ऊन असं होतं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा नळाच्या ओलीत पडून होतं. घराघरात कूलर घरघरत होते. आईनं मिक्सर, इस्त्री, आमचा कूलर, सगळ्यांच्या पिना काढल्या. मी खाली पळाले.

"अप्पा, आज लई महत्त्वाचं काम हाय. आईच्या कॉम्प्युटरचं. थोडा येळ लाइट अजिबात जायला नको."

"मी असताना जाती व्हय गं अव्वा?" अप्पांनी खुर्ची उचलली आणि थेट खटक्याखाली मांडली. पायातली चप्पल काढून ठेवली, एखाद्या पूजेला बसावं तशी. "हे बघ, बसलो. झोपणार न्हाय, उठणार न्हाय. जा, सांग तुज्या आईला."

मी दोन दोन पायऱ्या चढत वर आले. "अप्पा स्वतः बसलेत!"

"मग काय टेन्शन न्हाय," झुबेरभाई म्हणाले आणि पेनड्राइव्ह लावला.

निळा पडदा आला. इंग्रजीत लिहिलेलं: बंद करू नका, हात लावू नका. खाली एक पांढरी पट्टी, सुरुवातीला बुटाच्या लेसच्या टोकाएवढी. मग वाढायला लागली.

आई मशीनला टेकून उभी होती, हात चादरीवर. मी पट्टीकडं बघत होते. ती सरकायची, थांबायची, आणि थांबली की वाटायचं आता गेलं, मग परत सरकायची.

"अर्ध्याच्या पुढं गेली," झुबेरभाई कुजबुजले.

तेव्हा छतावरचा पंखा बदलला. आधी त्याचा आवाज खाली उतरला. मग पाती वेगवेगळी दिसायला लागली. भिंतीवरचा दिवा पिवळा झाला, मग लालसर. गल्लीतले कूलर एकदम जड आवाजात ओढायला लागले, बैल चढावर ओढतात तसे.

"व्होल्टेज पडलं," आई म्हणाली.

"पडू द्या. कमी झालं तरी चालतंय ताई, फकस्त जायला नको. पट्टी चालू हाय बघा."

पट्टी चालू होती. हळू, पण चालू होती. दिवा आणखी लाल झाला.

आणि जिन्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आईला आधी कळलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मला कळलं की तिला कळलं. ती दाराकडं धावली, पदर मशीनच्या कोपऱ्याला अडकला, तो तिनं ओढला. मी ओरडले. प्रदर्शनात माइकवर सगळ्या हॉलला ऐकू गेलेला माझा आवाज, तो सगळा काढून ओरडले, "अप्पा, नको! हात लावू नका!"

खट्.

एकच क्षण. पंखा थबकला नाही सुद्धा, नुसता दचकला. आणि लगेच दिवा पांढरा शुभ्र, पंखा भरारा, कागद उडाले.

खालून आवाज आला, आनंदाचा. "बदललो गा फेज! घ्या, फुल लाइट!"

पडदा काळा होता.

झुबेरभाईंनी बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरायला लागला. पडदा काळाच. परत दाबलं. बोर्डावरचा बारका सेल काढून घातला, वायरी काढून घातल्या, रॅम पुसून बसवली. पंखा फिरायचा, पडदा काळा. त्यांच्या कपाळावरून घाम डब्यात टपकायला लागला तेव्हा ते मागं सरकले.

"ताई..." म्हणाले, आणि डब्याचं झाकण उचलून परत खाली ठेवलं.

अप्पा गुडघ्यावर हात देत जिना चढून वर आले. एरवी ते येत नाहीत. दारात उभं राहून म्हणाले, "ह्या पोरीचा आवाज आला जणू. काय म्हणत व्हती? पंखा सुरू झाला, ऐकू न्हाय आलं. लाइट पार मरायली होती, म्हणलं आता जाती. गेली असती तर? झालं का काम?"

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या दंडाला धरलं, जोरात.

"झालं, अप्पा," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."

आणि तिनं खरंच चहा टाकला. अप्पा खुर्चीत बसून बशीनं चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "कधी बी सांगत जा. मी हायच खाली."

डबा घराबाहेर जाणार नाही म्हणणाऱ्या आईनं दुसऱ्या दिवशी बोर्ड स्वतः काढला, मऊ कापडात गुंडाळला आणि झुबेरभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो सोलापूरला त्यांच्या ओळखीच्या माणसाकडं नेला. तिथं चिप काढून मशीनवर धरून नव्यानं भरतात म्हणे. आमच्या टेबलावर रिकामा डबा उघडा होता. त्याच्या आत बघवायचं नाही.

बोर्ड परत आला, तोही जिवंत! झुबेरभाई जिन्यातूनच ओरडत आले. देवघराच्या फळीवरचा प्रोसेसर उतरवला, खाचेत ठेवला. अलगद बसला. बटण दाबलं आणि पडदा उजळला. बोर्डानं नव्या प्रोसेसरचं नाव स्वतः लिहून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. काय वेग होता! टक् नाही, गुरगुर नाही. साइटवर लिहिलं होतं ते सगळं खरं निघालं. येणारा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत होता.

आईनं पंचिंगचं सॉफ्टवेअर उघडलं.

पांढरी खिडकी आली. बोर्डाचा नंबर जुळत नाही. परवान्यासाठी विक्रेत्याशी संपर्क साधा.

"बोर्ड तर तोच हाय की," आई म्हणाली.

झुबेरभाईंनी खिडकी वाचली, परत वाचली. मग हळूच म्हणाले, "नंबर चिपमधी असतोय ताई. चिप पुसली तवा... तो बी गेला. म्या कसं ध्यानात घेतलं न्हाय."

आईनं सॉफ्टवेअरवाल्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. एका बाईनं गोड आवाजात सांगितलं की हा नंबर अस्तित्वात नाही. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

संध्याकाळी फातिमाबी आल्या. हातात नवी ओढणी, गुलाबी, घडीसुद्धा मोडली नव्हती. आईनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फक्त अप्पांचं नाव घेतलं नाही. लाइट गेली म्हणाली.

फातिमाबींनी ओढणी मांडीवर ठेवली. "अन् अम्मीची ती जुनी?"

आईनं दोऱ्यांचा गुंता एका स्टीलच्या डब्यात जपून ठेवला होता. तो दाखवला. फातिमाबींनी झाकण लावून दिलं.

"एक जागा ऱ्हायलीय," आई म्हणाली आणि मशीनवरची चादर काढली. "त्या दिवशी पाठवत होते तवा बंद पडला. गेली असंल तर हितंच असंल. एवढी एक तरी निघंल."

तिनं आधी कच्चं कापड फ्रेममध्ये ताणलं. सुईत सोनेरी दोरा ओवला. मी ओवून द्यायला पुढं झाले, पण तिनं दोरा मला दिला नाही. फातिमाबी उठून जवळ आल्या. आम्ही तिघी फ्रेमवर वाकलो.

आईनं बटण दाबलं.

वेलीची सुरुवात वळणानं होते, हे मला पाठ होतं. डावीकडून वर, मग गोल. सुई खाली गेली, वर आली. टाके डावीकडून वर चढले आणि गोल वळले.

"बिस्मिल्ला," फातिमाबी म्हणाल्या. त्यांनी आईचा खांदा धरला. "आली का? अम्मीची वेल आली?"

टाके वळून उजवीकडं आले. आता पहिलं पान. आता बाहेरच्या बाजूला झुकायला पाहिजे.

सुई सरळ खाली उतरली. काठी टेकवावी तशी, सरळ. वेलांटी झाली.

आईचा हात बंद करायच्या बटणाजवळ गेला आणि तिथंच थांबला. मशीन चालत राहिलं, सोनेरी दोऱ्यानं, माझ्या दप्तरावरच्याच मोठ्या मोठ्या अक्षरांत. शि झालं. व झालं. फातिमाबींना मराठी वाचता येत नाही. त्या अजून पानं शोधत होत्या.

छतावरचा पंखा मंद व्हायला लागला.

खाली जिन्यात खुर्ची सरकली.